अंड्याला जागे करणारे प्रथिन : पीएलसी-झीटा, त्याचे जनुक आणि आमच्या घरातला एक प्रश्न

पारसिक

नमस्कार. मी कळव्याला राहतो आणि ठाण्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. हा धागा एका प्रथिनाविषयी आहे. पीएलसी-झीटा हे त्याचे नाव. ते पुरुषाच्या वृषणात तयार होते, शुक्राणूच्या डोक्यात बसून प्रवास करते आणि अंड्यात पोहोचल्यावर त्या अंड्याला जागे करते. ज्या जनुकात ते तयार करण्याची माहिती असते त्याला पीएलसीझेड-१ म्हणतात आणि ते आपल्या बाराव्या गुणसूत्रावर असते. हे सगळे मला दोन वर्षांपूर्वी ठाऊक नव्हते, आणि ज्या डॉक्टरांकडे आम्ही प्रथम गेलो त्यांनी त्याचा कधी उल्लेखही केला नाही.

आमचे लग्न २०१७ सालचे. २०२२ मध्ये नवी मुंबईतील एका रुग्णालयात आम्ही इक्सी, म्हणजे प्रयोगशाळेत सुईने एकेक शुक्राणू थेट अंड्यात सोडण्याचा उपचार, करून घेतली. पत्नीला अकरा दिवस रोज रात्री पोटात इंजेक्शन घ्यावे लागे. इंजेक्शने थंड ठेवायची असल्यामुळे शाळा सुटल्यावर मी बर्फाच्या पिशवीत गुंडाळून ती ट्रान्स-हार्बरच्या लोकलने घरी आणत असे आणि नऊ वाजता तिच्या नाभीपासून दोन बोटे अंतरावर चिमूट धरून सुई टोचत असे. अकरा अंडी मिळाली आणि त्यांपैकी नऊ पक्व होती. नऊही अंड्यांत एकेक शुक्राणू सोडण्यात आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहा वाजता फोन आला की एकाही अंड्याचे फलन झालेले नाही.

चार दिवसांनी भेट मिळाली. आमची फाइल तीन-चार मिनिटे चाळून आम्हाला सांगण्यात आले की अंड्यांची प्रत चांगली नाही, वय तेहेतीस असले तरी असे होते, तेव्हा दात्या स्त्रीचे अंडे घेण्याचा विचार करावा. माझ्या वीर्य तपासणीच्या अहवालावर ‘सामान्य’ असा शेरा होता. दर मिलिलिटरमागे ४८ दशलक्ष शुक्राणू, ५६ टक्के गतिमान. तो कागद पुन्हा कोणी उलटून पाहिला नाही. बाहेर पडल्यावर वाशी स्थानकापर्यंत पत्नी एक शब्द बोलली नाही. फलाटावर बसल्यावर तिने मला एवढेच विचारले, “नऊच्या नऊ अंडी वाईट कशी असतील? एखादे तरी बरे असायला नको का?”

त्या प्रश्नाचे उत्तर मिळायला दीड वर्ष लागले. ठाण्यातील एका लहान प्रयोगशाळेतील एम्ब्रियॉलॉजिस्ट (प्रयोगशाळेत अंडी आणि भ्रूण हाताळणाऱ्या तज्ज्ञ) बाईंनी आमच्याकडे पहिल्या वेळच्या प्रयोगशाळेतील नोंदींचा कागद मागितला, जो आम्हाला कधी दिलाच गेला नव्हता. तो मागवून घेतल्यावर त्यांनी दाखवले की प्रत्येक अंड्यापुढे ‘शुक्राणू आत, दुसरा ध्रुवपिंड नाही’ अशी नोंद आहे. दुसरा ध्रुवपिंड म्हणजे जागे झालेले अंडे बाहेर टाकते तो लहान कण. अंडी खराब झाली नव्हती, ती थांबून राहिली होती. दुसऱ्या वेळी शुक्राणू सोडल्यानंतर अंडी काही मिनिटे कॅल्शियम आयनोफोर या, अंड्यात बाहेरून कॅल्शियम वाढवणाऱ्या द्रवात ठेवण्यात आली. आठ पक्व अंड्यांपैकी सहांचे फलन झाले. पत्नी तीच, अंडी तिचीच, शुक्राणूही माझेच.

पुढे माझ्या रक्ताची जनुकीय तपासणी झाली. पीएलसीझेड-१ च्या माझ्या दोन्ही प्रतींत, म्हणजे आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या एकेका प्रतीत, एकच बदल आहे. समुपदेशकांनी पहिला प्रश्न विचारला तो आईवडिलांच्या नात्याचा. माझी आई ही माझ्या वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडे अशी लग्ने पूर्वी सर्रास होत आणि चांगली मानली जात.

धागा काढण्यामागे दोन हेतू आहेत. पहिला हा, की इक्सीनंतर शून्य फलन झाले म्हणजे अंडी खराब, असे ज्यांना सांगितले गेले असेल त्यांनी हे वाचावे. दुसरा खरोखरीचा प्रश्न आहे. माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो आणि त्याच्या लग्नाला दीड वर्ष झाले आहे. त्याला हे सांगावे का, कधी सांगावे, आणि सांगितले तर आईलाही कळणार, त्याचे काय करावे, हे मला सुचत नाही. जाणकारांनी प्रथिनाविषयी अधिक लिहिले तर फार उपकार होतील, कारण भावाला सांगायचे तर ते मला आधी नीट समजले पाहिजे.

उपवन

मी गेली चौदा वर्षे एम्ब्रियॉलॉजिस्ट म्हणून काम करते आहे आणि ठाण्यातच राहते. आपल्यावर उपचार करणारी प्रयोगशाळा माझी नाही, परंतु आपण जे लिहिले आहे ते मी माझ्या टेबलावर पाहिलेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बीजकोशातून बाहेर पडणारे पक्व अंडे एका विशिष्ट टप्प्यावर अडवून धरलेले असते. त्याचे दुसरे अर्धसूत्री विभाजन सुरू झालेले असते, पण मध्यावर थांबलेले असते, कारण अंड्यातील काही प्रथिने पुढे जाण्याचा मार्ग रोखून धरतात. हे थांबणे आवश्यक असते. शुक्राणू येण्यापूर्वीच अंडे पुढे निघाले तर सगळेच फुकट जाईल. ही अडवणूक उठवण्यासाठी अंड्याच्या आत कॅल्शियम वाढावे लागते, आणि तेही एकदा वाढून भागत नाही. ते पुन्हा पुन्हा, ठरावीक अंतराने, काही तास वाढत-उतरत राहावे लागते. उंदराच्या अंड्यात ही उसळी साधारण दर दहा ते वीस मिनिटांनी येते आणि तीन-चार तास चालते.

पीएलसी-झीटा ही उसळी सुरू करते. अंड्यात पीआयपी-२ नावाचा एक मेद असतो, त्याला हे प्रथिन तोडते. त्यातून आयपी-३ नावाचा लहान रेणू सुटतो आणि तो अंड्यातील कॅल्शियमच्या साठ्याचे दार उघडतो. पीएलसी कुळातील इतर प्रथिने आपल्या शरीरात सर्वत्र आहेत, परंतु त्यांना काम सुरू करायला आधीच थोडे वाढलेले कॅल्शियम लागते. पीएलसी-झीटा मात्र अंडे पूर्ण शांत असताना, म्हणजे कॅल्शियम अगदी तळाला असतानाही काम करू शकते. मानवी पीएलसी-झीटा ६०८ अमिनो आम्लांचे, म्हणजे सुमारे ७० किलोडाल्टन वजनाचे आहे, आणि उंदराच्या एका शुक्राणूत त्याचे प्रमाण वीस ते पन्नास फेम्टोग्रॅम इतकेच असल्याचा अंदाज आहे. एक फेम्टोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा १ वर पंधरा शून्ये एवढावा भाग.

कॅल्शियमची उसळी आली की दोन गोष्टी घडतात. अंड्याच्या कडेला असलेले सूक्ष्म कण बाहेर फुटून अंड्याचे आवरण घट्ट करतात, ज्यामुळे दुसरा शुक्राणू आत येऊ शकत नाही. आणि अडवणूक उठून विभाजन पूर्ण होते, तेव्हा दुसरा ध्रुवपिंड बाहेर पडतो. सोळा ते अठरा तासांनी आम्ही अंडे तपासतो तेव्हा आत दोन गोल वर्तुळे दिसायला हवीत, एक आईचे आणि एक वडिलांचे. त्यांना आम्ही टू पीएन म्हणतो. आपल्या नऊ अंड्यांत ती दिसली नाहीत आणि दुसरा ध्रुवपिंडही नव्हता, याचा अर्थ शुक्राणू दाराच्या आत आला पण हाक मारली गेली नाही.

इक्सी करताना आम्ही काय करतो हेही सांगते, कारण त्याचा इथे संबंध आहे. शुक्राणू उचलण्यापूर्वी काचेच्या सुईने त्याची शेपटी ताटलीच्या तळाशी हलकेच दाबून घासतो. शेपटीत एक बारीक वाक येतो आणि तो जागीच थांबतो. हे केवळ त्याला पकडता यावे म्हणून केले जात नाही. त्या दाबाने शुक्राणूचे आवरण झिरपू लागते आणि आतली प्रथिने अंड्यात मिसळू शकतात. हे काम घाईने झाले तर फलन कमी होते, हे मी नवशिक्यांच्या हातून होताना पाहिले आहे. परंतु शुक्राणूत पीएलसी-झीटाच नसेल किंवा असून निकामी असेल, तर शेपटी कितीही नीट दाबली तरी काही उपयोग नाही.

आता अहवालाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेनुसार दर मिलिलिटरमागे १६ दशलक्ष शुक्राणू, ४२ टक्के गतिमान आणि ४ टक्के योग्य आकाराचे, ही खालची मर्यादा धरतात. या तिन्ही गोष्टी सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी मोजायच्या असतात. शुक्राणू पोहतो कसा आणि दिसतो कसा हे त्यातून कळते. आत गेल्यावर तो काय करू शकतो हे त्यातून कळत नाही. ‘सामान्य’ हा शेरा त्या तीन आकड्यांपुरता खरा असतो, आणि तो संपूर्ण माणसाला लावला जातो, याचे मला दर वेळी वाईट वाटते.

घोडबंदर

अत्यंत उपयुक्त माहिती. एक शंका आहे. ही तपासणी सुरुवातीलाच प्रत्येक जोडप्याची का करत नाहीत? आणि या प्रथिनाची कमतरता औषधाने, जस्ताच्या गोळ्यांनी किंवा अश्वगंधेने भरून निघते का?

उपवन

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण या नावाखाली बरेच पैसे खर्च होताना मी पाहते. जनुकात बदल असल्यामुळे प्रथिन निकामी झाले असेल तर कोणत्याही गोळीने ते दुरुस्त होत नाही.

पहिल्याविषयी असे, की इक्सीनंतर एकही अंडे फलित न होणे हे शंभरात एक ते तीन वेळा घडते, आणि त्या सर्वांमागे हेच प्रथिन नसते. शुक्राणूतील पीएलसी-झीटा मोजण्याच्या पद्धती संशोधनात आहेत. पुरुषाचा शुक्राणू उंदराच्या अंड्यात सोडून ते जागे होते का हे पाहण्याची परीक्षाही आहे, आणि बेल्जियममधील गेंट येथील विद्यापीठात त्यावर पुष्कळ काम झाले आहे. परंतु रोजच्या दवाखान्यात सरसकट करावी अशी ती तपासणी नाही. ज्यांची फलने पूर्ण फसली आहेत किंवा अगदीच कमी झाली आहेत त्यांच्यासाठी मात्र हा विचार झालाच पाहिजे. शुक्राणूची डोकी गोल असून पुढची टोपी नसते, असा एक दुर्मीळ दोष आहे, त्यांच्यातही पीएलसी-झीटा फार कमी किंवा नाहीच, असे आढळते.

मासुंदा

मी निवृत्त प्राध्यापक आहे आणि नौपाड्यात राहतो. आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवले, त्यामुळे या प्रथिनाच्या शोधाची कथा सांगितल्यावाचून मला राहवत नाही, कारण ती पारसिक यांच्या प्रश्नाशी जोडलेली आहे.

फलनाच्या वेळी अंड्यात कॅल्शियम एकदम उसळते हे प्रथम स्पष्ट दिसले ते १९७७ साली, मेडाका नावाच्या एका छोट्या माशाच्या अंड्यात. रिजवे, गिल्की आणि जॅफी यांनी त्या अंड्यात जेलीफिशमधून काढलेले एक प्रथिन सोडले होते, जे कॅल्शियम भेटले की प्रकाश देते. १९७८ मध्ये याच गटाने दाखवले की ही एक लाट असते : शुक्राणू शिरलेल्या टोकापासून उजेडाची एक पट्टी अंड्यावरून पलीकडच्या टोकापर्यंत सरकत गेली. हे मी वर्गात फळ्यावर कित्येक वेळा काढून दाखवले आहे.

त्यानंतर वाद सुरू झाला की लाट उठवतो कोण. एक मत असे होते की शुक्राणू अंड्याच्या पृष्ठभागावरील एखाद्या ग्राहक रेणूला (रिसेप्टरला) चिकटतो आणि बाहेरूनच घंटी वाजवतो. दुसरे मत असे की शुक्राणू स्वतःबरोबर काहीतरी आत नेतो. १९९० मध्ये कार्ल स्वान यांनी शुक्राणूंचा अर्क काढून तो हॅमस्टरच्या अंड्यात सोडला आणि कॅल्शियमच्या तशाच उसळ्या येताना दाखवल्या. १९९२ मध्ये ब्रुसेल्स येथे पालेर्मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इक्सीने झालेल्या पहिल्या गर्भधारणा जाहीर केल्या. इक्सीत शुक्राणू अंड्याच्या पृष्ठभागाला भेटतच नाही, सुईने थेट आत जातो, आणि तरीही अंडे जागे होते. माझ्या मते बाहेरच्या घंटीच्या मताला याहून मोठा धक्का कोणताच नव्हता, आणि तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून आला.

मग ते ‘काहीतरी’ कोणते? १९९६ मध्ये स्वान, लाय, पॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी ऑसिलिन नावाचे एक प्रथिन पुढे केले, आणि ते ‘नेचर’मध्ये छापून आले. पुढे कळले की ते साखरेच्या चयापचयातील एक साधे विकर आहे आणि शुद्ध स्वरूपात ते कॅल्शियमची उसळी आणत नाही. चुकीच्या प्रथिनावर बोट ठेवले गेले होते. त्याच लोकांनी काम सोडले नाही. २००२ मध्ये कार्डिफ येथील त्यांच्या गटाने उंदराच्या वृषणातील जनुकांच्या नोंदी धुंडाळून पीएलसी कुळातील एक नवा सभासद शोधला आणि त्याला झीटा हे ग्रीक अक्षर दिले. त्याचा आरएनए, म्हणजे ते प्रथिन बनवण्याचा संदेश, अंड्यात सोडल्यावर उसळ्या आल्या आणि अंडे शुक्राणूशिवाय भ्रूणासारखे वाढू लागले. शुक्राणूंच्या अर्कातून हे प्रथिन काढून घेतल्यावर अर्काची शक्ती गेली. पुरावा दोन्ही बाजूंनी जमला.

पुढे आणखी एका प्रथिनाचे नाव चर्चेत आले होते, परंतु ते जनुक काढून टाकलेले उंदीर व्यवस्थित प्रजननक्षम निघाले.

पारसिक यांच्यासाठी महत्त्वाचे टप्पे दोन. २००९ साली इक्सी फसलेल्या एका पुरुषात या जनुकातील पहिला बदल सापडला, ज्यात ३९८ क्रमांकाच्या जागी हिस्टिडीन या अमिनो आम्लाऐवजी प्रोलीन हे आले होते. तो त्याच्या वडिलांकडून आला होता. वडील तर बाप झालेले होते, मग मुलाला त्रास का? २०१२ मध्ये त्याच पुरुषाच्या दुसऱ्या प्रतीत, २३३ क्रमांकावर, आणखी एक बदल सापडला आणि तो आईकडून आला होता. एकेक प्रत बिघडलेली असताना आईवडिलांचे काही अडले नाही, दोन्ही बिघडलेल्या प्रती मुलाच्या वाट्याला आल्यावर अडले. आणि २०१६ मध्ये दोन सख्ख्या भावांमध्ये दोन्ही प्रतींत एकच बदल सापडल्याचे प्रसिद्ध झाले. दोघांच्याही शुक्राणूंची अंडी जागी करण्याची शक्ती गेलेली होती.

नेरूळकर

पारसिक, आपले लिखाण वाचून डोळ्यांत पाणी आले. माझ्या नणंदेला अगदी हेच ऐकावे लागले होते आणि घरात तिच्याकडे पाहण्याची नजर बदलली ती आजतागायत तशीच आहे.

भावाला अवश्य सांगावे. आईला मात्र सांगू नये, असे माझे मत आहे. त्या पिढीतील बाईला असे कळले की मुलाच्या दुःखाचे मूळ आपल्या रक्तात आणि आपल्या लग्नात आहे, तर ती ते मनाला लावून घेईल. तिने काहीही चूक केलेली नसताना तिला ही शिक्षा कशासाठी?

खारघर_टेकडी

माझा अनुभव थोडा वेगळा आहे आणि तो इथे असला पाहिजे असे वाटते. आमचेही दोनदा शून्य फलन झाले. आम्हीही आयनोफोरची आशा धरली होती आणि तिसऱ्या वेळी ते वापरलेही, पण काही उपयोग झाला नाही. तपासणीत कळले की दोष माझ्याकडे आहे. डब्ल्यूईई-२ नावाच्या जनुकात, जे अंड्यातच काम करते. या धाग्याचा सूर ‘अंडी कधीच दोषी नसतात’ असा होऊ नये, एवढीच विनंती. मला सत्य कळल्यावर हलके वाटले होते. न तपासता सांगितलेले असत्य ओझ्यासारखे होते.

उपवन

खारघर_टेकडी यांचे म्हणणे पूर्णपणे योग्य आहे आणि ते मी आधीच लिहायला हवे होते. स्त्रियांमधील डब्ल्यूईई-२ च्या बदलांमुळे फलन होत नाही, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे हाक ऐकू येते, पण उठायचे कसे हे अंड्याला कळत नाही, त्यामुळे बाहेरून कॅल्शियम देऊन भागत नाही. म्हणून कारण शोधणे महत्त्वाचे आहे.

आयनोफोरविषयीही थोडे सांगते. त्याने कॅल्शियमची एकच मोठी उसळी येते, शुक्राणू आणतो तशी लयबद्ध मालिका येत नाही. अंडे जागे होण्यासाठी बहुतेक वेळा ते पुरते. अशा उपचारातून जन्मलेल्या मुलांच्या पाहणीत आजवर चिंताजनक असे काही पुढे आलेले नाही, परंतु पाहिलेल्या मुलांची संख्या अजून लहान आहे. म्हणूनच युरोपातील तज्ज्ञ संघटनेने २०२३ मध्ये सांगितले की पूर्ण किंवा जवळपास पूर्ण फलन फसलेल्यांसाठी आणि गोल डोक्याच्या शुक्राणूंसाठी ते वापरावे, सरसकट सर्वांना देऊ नये. ‘यश वाढावे म्हणून’ प्रत्येक बिलात ते लावलेले दिसले तर कारण विचारावे.

पारसिक

सर्वांचे मनापासून आभार. खारघर_टेकडी, आपली विनंती मला मान्य आहे. माझा राग अंड्यांवर दोष येण्याबद्दल नव्हता, काहीही न तपासता तो लावला जाण्याबद्दल होता.

उपवन ताई, मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. भावाला हा दोष असण्याची शक्यता किती? आणि असल्यास त्याला स्वाभाविकपणे मूल होणारच नाही का?

उपवन

आपल्या दोन्ही प्रतींत बदल आहे, म्हणजे आई आणि वडील दोघांकडे एकेक बदललेली प्रत आहे. प्रत्येक भावंडाला दोन्ही बदललेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक, एक प्रत मिळण्याची चारात दोन आणि एकही न मिळण्याची चारात एक. भावाला एकच प्रत मिळाली असेल तर, आपल्या वडिलांप्रमाणेच, या कारणाने त्याचे काही अडू नये. आपल्याला बहीण असेल आणि तिला दोन्ही प्रती मिळाल्या असतील तरीही तिला स्वतःला त्रास होणार नाही, कारण हे प्रथिन शुक्राणूकडून यायचे असते. तिच्या मुलांना मात्र एकेक प्रत मिळेल.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होणारच नाही’ असे देता येत नाही. हे जनुक काढून टाकलेले नर उंदीर २०१७ मध्ये तयार झाले. त्यांच्या शुक्राणूंनी इक्सीनंतर कॅल्शियमची उसळी आणली नाही. मात्र नैसर्गिक समागमातून त्यांना थोडी पिल्ले झाली. आवरण वेळेत घट्ट न झाल्यामुळे एका अंड्यात अनेक शुक्राणू शिरण्याचे प्रमाणही वाढलेले दिसले. माणसाला हे जसेच्या तसे लावता येत नाही, पण भावाला घाबरवून सोडू नये एवढे त्यातून नक्की घेता येईल.

मासुंदा

नेरूळकर यांच्या भावनेचा मी आदर करतो, परंतु आईला न सांगण्याबाबत माझे मत वेगळे आहे. मी स्वतः एकाहत्तर वर्षांचा आहे. माझ्या मुलांनी माझ्यापासून असे काही लपवले आणि मला ते शेजाऱ्याकडून कळले तर त्याचे दुःख अधिक होईल. शिवाय घरात चार वर्षे सुनेविषयी एक समज पसरलेला असेल, तर तो दूर करण्याचा अधिकार सुनेला आहे. आई आणि वडील दोघांकडून एकेक प्रत आली आहे. आते-मामे भावंडे एकाच आजी-आजोबांची नातवंडे असल्यामुळे तीच प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते, एवढेच. अशा बहुतेक लग्नांतून काहीही होत नाही. हे शांतपणे, कागदावर दोन रेघा काढून दाखवले तर त्या समजून घेतील.

पारसिक

आज शनिवार. गुरुवारी रात्री मी आईला सांगितले. नेरूळकर, आपला सल्ला मोडल्याबद्दल क्षमा असावी, परंतु मासुंदा सरांचे सुनेच्या अधिकाराविषयीचे वाक्य वाचल्यावर मला दुसरा मार्ग दिसेना. मी वहीच्या पानावर वर आईबाबांचे आजी-आजोबा काढले, खाली त्यांची दोन मुले, त्याखाली आई आणि बाबा, आणि त्यांच्याखाली मी. प्रत्येकाच्या नावापुढे दोन टिकल्या, एक भरलेली आणि एक रिकामी. माझ्यापुढे दोन्ही भरलेल्या. आईने पान बराच वेळ हातात धरले. मग तिने माझ्या पत्नीला स्वयंपाकघरातून हाक मारून शेजारी बसवले आणि म्हणाली, “त्या वेळी मावशीपुढे मी तुझ्याबद्दल बोलले होते. तिला मी स्वतः फोन करते.” तिने तो काल केला.

भावालाही फोनवर सांगितले आहे. त्याने पहिला प्रश्न पत्नीला कसे सांगू हा विचारला, तपासणीचा नंतर. तो पुढच्या रविवारी येतो आहे. त्याने आणि त्याच्या पत्नीने काय करून घ्यावे, कोणते कागद जवळ ठेवावेत?

उपवन

प्रथम त्यांनी जनुकीय समुपदेशकाला भेटावे, दोघांनी मिळून. सोबत आपला जनुकीय अहवाल न्यावा, कारण आपल्यातला बदल नेमका माहीत असल्यामुळे भावाचे संपूर्ण जनुकसंच तपासण्याची गरज नाही; त्या एकाच जागी पाहिले तरी पुरते आणि खर्चही बराच कमी होतो. वीर्य तपासणी करून ठेवावी, पण ती सामान्य आली म्हणून या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे धरू नये.

आपल्या पहिल्या रुग्णालयातील नोंदींच्या प्रतीही जपून ठेवा. आपले कागद मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यास ते ७२ तासांत द्यावे लागतात. केवळ डिस्चार्जचा कागद घेऊन थांबू नका. प्रयोगशाळेतील प्रत्येक अंड्याची नोंद मागा. किती पक्व होती, सोळा-अठरा तासांनी काय दिसले, ध्रुवपिंड किती होते, हे सगळे त्यात असते. तुमच्या बाबतीत त्याच कागदाने उलगडा झाला.

भावाचा अहवाल आल्यावर तो चारांपैकी कोणत्या घरात बसतो ते येथे लिहिले नाही तरी चालेल. परंतु काही विचारायचे असल्यास निःसंकोच विचारावे, मी उत्तर देईन.

खारघर_टेकडी

पारसिक, प्रयोगशाळेच्या नोंदी मागवण्यासाठी आपण जे पत्र लिहिले असेल त्याचा मजकूर येथे टाकाल का? आम्हाला आमच्या पहिल्या दोन वेळच्या नोंदी अजून मिळालेल्या नाहीत.

पारसिक

होय. पत्र असे होते : “माझ्या पत्नीवर आपल्या रुग्णालयात (तारीख) रोजी इक्सी उपचार झाले. तिच्या प्रत्येक स्त्रीबीजाची पक्वता, शुक्राणू सोडल्याची वेळ, फलन तपासणीची वेळ व त्या वेळचे निरीक्षण, तसेच ध्रुवपिंडांची संख्या यांच्या प्रयोगशाळेतील मूळ नोंदींच्या छायाप्रती मिळाव्यात, ही विनंती. तिची संमती सोबत जोडली आहे.” खाली दोघांच्या सह्या केल्या आणि पत्राच्या प्रतीवर पोचशिक्का घेतला. शिक्का घेतल्यावर तिसऱ्या दिवशी कागद मिळाले.